ओवीचे आंकडे

खोपोलीच्या शिळफाट्यावर, जुन्या मुंबई-पुणें रस्त्याच्या कडेस, मालमोटारीचा भोंगा ऐकूं येत नाहीं असा क्षण दिवसा वा रात्रीं क्वचितच सांपडतो. गेल्या वर्षीं आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें तेथल्याच आपल्या घराच्या पडवींत बसून आजीच्या जात्यावरच्या ओव्या, तिच्या संमतीनें, मोबाइलवर मुद्रित केल्या. स्नेहसंमेलनांत त्या पेटीच्या साथीनें म्हणाव्या, असा बेत होता. मुद्रण ऐकून सूर लिहून काढणें हें कष्टाचें काम. तें संगणकाकडून करून घ्यावें, म्हणजे ध्वनिमुद्रणाचें 'मिडी'मध्यें रूपांतर करावें, असें ठरलें. तें कसें होतें व त्यांत आमची चूक कोठें झाली, हें येथें सांगतों.

मिडी म्हणजे ध्वनि नव्हे. वाद्ययंत्रांनीं एकमेकांस आज्ञा देण्याची ती 1983 सालीं प्रसिद्ध झालेली सांकेतिक भाषा आहे. अमुक क्रमांकाची पट्टी दाबा, इतक्या जोरानें दाबा, आतां सोडा, असें तींत मुख्यतः लिहिलेलें असतें. पट्ट्यांस 0 ते 127 असे क्रमांक. मध्य सप्तकांतली पांढरी एक 60, तर पांढरी सहा 69. याउलट ध्वनिमुद्रणांत ध्वनीच्या लहरीची उंची, सामान्यतः सेकंदास 44,100 वेळां, मोजून ठेविलेली असते. म्हणून तीन मिनिटांचें उत्तम प्रतीचें मुद्रण सुमारें 30 मेगाबाइट जागा व्यापतें, आणि त्याचीच मिडी-फाइल कांहीं किलोबाइटांत मावते. पहिली शिजलेली आमटी, दुसरी तिची कृति.

रूपांतर करतांना संगणक ध्वनीचे फार लहान तुकडे पाडितो आणि प्रत्येकांत कोणकोणतीं कंपनें आहेत तें गणितानें निवडून काढितो. फोरिये या फ्रेंच गणितज्ञाची रीत येथें उपयोगीं पडते. अडचण अशी कीं, गळ्यांतून निघणारा सूर एकटा नसतो. षड्जाबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही उमटतात. त्यांतला मूळ कोणता हें ओळखतांना यंत्र फसतें व मध्य षड्जाऐवजीं तार षड्ज लिहून ठेवितें. 2022 सालीं स्पॉटिफाय कंपनीच्या संशोधकांनीं 'बेसिक पिच' नांवाचें विनामूल्य साधन प्रसिद्ध केलें. पुष्कळ नमुन्यांवरून शिकविलेलें असल्यामुळें तें बरेंच चांगलें काम करितें. आम्हीं तेंच वापरलें.

फळ काय मिळालें? जात्याच्या घरघरीनें खर्जांत भलत्याच सुरांची गर्दी केली. एक भोंगा तर दुसऱ्या ओवीच्या मध्यभागीं स्वच्छ पंचम होऊन बसला! (वर्गांत सर्वांत अधिक टाळ्या त्यालाच पडल्या.) हें तण उपटणें सोपें. खरी हानि निराळी होती. आजी गांधारावरून षड्जावर सावकाश घसरत येई. ती घसरण आमच्या मिडी-फाइलींत जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटली. सूर किंचित् चढविण्या-उतरविण्याची सोय मिडींत आहे. तिचें माप 0 ते 16,383 अंकांचें. परंतु एका वाहिनींतील सर्व सुरांस ती एकदमच लागते, आणि साध्या पेटीस तर ती आज्ञा पाळतांच येत नाहीं.

हा पेंच महाराष्ट्रास नवा नाहीं. सांगलीचे कृ. ब. देवल यांनीं अब्दुल करीम खां यांच्या साहाय्यानें सुरांचें मापन करून 1910 सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक छापलें. पुढें क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्यानें श्रुति-पेटीही झाली. 1916 सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिजवर वाद माजला. देवलांचा उद्योग आम्ही व्यर्थ मानीत नाहीं. परंतु पट्ट्या कितीही वाढविल्या तरी दोन पट्ट्यांमधली वाट पेटींत येत नाहीं. ओव्यांच्या बाबतींत हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं अधिक शहाणपण केलें. खेड्यापाड्यांतून त्यांनीं एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि शब्द उतरून घेऊनच न थांबतां त्यांतील हजारों ओव्यांचा आवाजही राखला.

आम्हीं उलटें केलें. मुलाच्या मोबाइलांत जागा उरली नव्हती. "मिडी हातीं आहे, आतां मूळ मुद्रण कशास?" असें आम्हीच त्यास म्हणालों, आणि त्यानें तें पुसलें. श्रावणांत आजी वारली. दिवस झाल्यावर मुलाच्या आईनें तें गाणें ऐकण्यास मागितलें. पेटीच्या आवाजांत दोन ओव्या झाल्या, आणि ती बाई म्हणाली, "सर, चाल सासूबाईंचीच आहे, पण सासूबाई कुठें आहेत?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

सुदैवानें मुलानें तें मुद्रण पूर्वींच पालीस राहणाऱ्या आपल्या आत्यास धाडलें होतें. तिच्या मोबाइलांत तें सांपडलें, जात्यासकट आणि भोंग्यासकट. आतां त्याच्या तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणीं ठेविल्या आहेत. शनिवारीं शाळा सुटल्यावर चार मुलें संगीताच्या खोलींत बसतात. दोघे मूळ आवाज ऐकतात, दोघे पडद्यावरच्या पायऱ्या पुसून तेथें घसरण काढितात. तिसऱ्या ओवींत आजी निषाद घेते कीं केवळ धैवत हालविते, यावर त्यांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं.