परदेशातील तांबड्या वाइनचे नवे हंगाम आणि सोलापूरचा द्राक्ष बागाईतदार

सोलापूर शहरातील भवानी पेठेत एखाद्या किराणा दुकानी ज्वारी घ्यावयास आलेले जाणते गिऱ्हाईक भावाची चौकशी करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारते : माल कुठला, आणि कोणत्या वर्षाचा? माल मंगळवेढ्याकडील मालदांडी असल्याचे समजले तरी त्याचे तेवढ्याने समाधान होत नाही. दाणे भरण्याच्या वेळी थंडी पडली होती काय, कणसात दाणा उतरताना पाऊस लागून तो काळा पडला काय, हे दाणा हातात घेऊन तो पाहतो. गाव तेच, जमीन तीच, बियाणे तेच. तरीही दोन वर्षांच्या मालाला दोन भाव मिळतात. युरोपातील वाइनचा व्यापारीही नेमका हाच विचार करतो. फरक इतकाच की, त्याच्या धंद्यात मालाचे वर्ष बाटलीवर छापलेले असते आणि त्या एका आकड्यावर मालाची किंमत दुपटीने वर किंवा निम्म्याने खाली जाऊ शकते.

सोलापूर जिल्ह्यात द्राक्षाची लागवड सर्वपरिचित आहे. नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या सोनाका व शरद सीडलेस या जातींनी जिल्ह्याचे नाव दूरवर नेले. परंतु ही सर्व खाण्याची द्राक्षे होत. वाइनची द्राक्षे जिल्ह्यात आली ती माळशिरस तालुक्यात. अकलूजजवळील मोटेवाडी येथे मोहिते-पाटील, इटलीचे सेक्की बंधू व दिल्लीचे सेखरी बंधू यांनी एकत्र येऊन फ्रातेल्ली या नावाने द्राक्षमळे व वाइनचा कारखाना उभा केला. इटलीतील तोस्काना प्रांताची सांजोवेझे ही जात आणि फ्रान्समधील काबर्ने सोव्हिन्यों ही जात तेथे तारेवर चढली. पुढे स्टीव्हन स्पुरियर हे ख्यातनाम इंग्रज वाइन व्यापारीही या मळ्यांच्या कामाशी जोडले गेले. हेच स्पुरियर १९७६ साली पॅरिसमध्ये भरलेल्या एका परीक्षेमुळे जगभर गाजले होते. त्या परीक्षेत बाटल्यांची नावे झाकून फ्रेंच परीक्षकांना वाइन चाखावयास दिली गेली, आणि तांबड्या वाइनमध्ये बोर्दोच्या नामांकित घराण्यांना मागे टाकून कॅलिफोर्नियातील १९७३ च्या हंगामाची एक वाइन पहिली आली. स्पुरियर यांचे २०२१ साली निधन झाले.

या उदाहरणामुळे जिल्ह्यातील काही बागाईतदारांच्या मनात वाइनच्या द्राक्षाविषयी कुतूहल उत्पन्न होणे साहजिक आहे. बाग लावावी की नाही, हा प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांपुढेही येतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी घेणाऱ्याची नजर कशी असते हे समजून घेणे इष्ट होय.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील बोर्दो येथे द्राक्षाची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. पुढील वसंत ऋतूत, म्हणजे वाइन अजून ओकच्या लाकडी पिंपात मुरत असतानाच, निरनिराळ्या देशांचे व्यापारी तेथे जमतात, पिंपातील नमुने चाखतात आणि सौदे करतात. बाटल्या भरून माल हाती येण्यास त्यानंतर आणखी वर्ष-दीड वर्ष लागते. आपल्याकडे व्यापारी उभ्या बागेचा सौदा करतात, त्याच प्रकारचा हा व्यवहार म्हणता येईल. मात्र येथे सौदा मांडवाखाली होत नसून पिंपाशेजारी होतो. व्यापारी प्रथम रंग पाहतो, नंतर वास घेतो, मग घोट तोंडात घोळवून आंबटपणा व तुरटपणा यांचा मेळ बसला आहे काय हे पारखतो. परंतु जिभेवर विसंबण्यापूर्वी त्याने त्या वर्षाच्या हवामानाचा अभ्यास केलेला असतो. जून महिन्यात फुलोरा असताना पाऊस पडला का, ऑगस्टात मण्यांत पाणी उतरताना ऊन किती होते, तोडणीच्या पंधरवड्यात पाऊस आला का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्या वहीत लिहिलेली असतात.

अलीकडील हंगाम या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. २०२१ साली एप्रिल महिन्यात फ्रान्सभर कडाक्याचे हिव पडले. कोवळी फूट करपू नये म्हणून शेतकऱ्यांनी रात्रभर मळ्यांत मेणबत्त्या व शेगड्या पेटवून ठेवल्या. नंतरचा उन्हाळाही थंड व ओलसर गेला, केवडा पसरला, आणि वाइन हलकी व कमी मद्यार्काची उतरली. त्याच्या अगदी उलट २०२२. उन्हाळा अतिशय कडक आणि कोरडा गेला. मणी लहान राहिले, साल जाड झाली, उतारा घटला. जाणकारांना भय होते की, अशा उन्हात वाइन जड व बेचव होईल, कारण २००३ च्या उष्णतेच्या लाटेत तसेच झाले होते. परंतु तसे घडले नाही. २०२२ च्या वाइनमध्ये रंग व तुरटपणा भरपूर असूनही ताजेपणा टिकून राहिला, आणि व्यापाऱ्यांनी त्या हंगामाला उच्च स्थान दिले. २०२३ मध्ये उबदार व दमट हवेमुळे केवड्याने पुन्हा डोके वर काढले. त्याचा तडाखा मर्लो या लवकर पिकणाऱ्या जातीस अधिक बसला; उशिरा पिकणाऱ्या काबर्नेने तुलनेने बरे दिवस पाहिले. २०२४ हे वर्ष पावसाचे. फुलोऱ्यात गळ झाली, केवडा आला, उत्पादन फार खाली गेले, आणि २०२५ च्या वसंतात अनेक मोठ्या मळ्यांना आपले भाव उतरवावे लागले.

या सर्व वर्णनात सोलापूरच्या बागाईतदारास अपरिचित असे फारसे काही नाही. केवडा, भुरी, फुलोऱ्यातील गळ, तोडणीच्या तोंडावर येणारा पाऊस, हे त्याचे नित्याचे शत्रू होत. २००९ च्या नोव्हेंबरातील अवकाळी पावसाने आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रातील बागांची काय अवस्था झाली हे कोणी विसरलेले नाही. हिवाचे संकट मात्र आपल्याकडे बोर्दोसारखे नाही, आणि पाणी देणे-न देणे हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. बोर्दोचा शेतकरी मुख्यत्वे आकाशावर अवलंबून असतो, सोलापूरचा ठिबकावर. ही आपली जमेची बाजू होय.

उणी बाजू उष्णतेची. द्राक्षात साखर वाढत जाते तसतशी आम्लता घटते, आणि रात्र उबदार असेल तर ती झपाट्याने घटते. युरोपात मणी पिकताना शरद ऋतू लागत असल्यामुळे हवा दिवसेंदिवस थंड होत जाते. आपल्याकडे उलट घडते : एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळ छाटणी, आणि मणी पिकतात तेव्हा उन्हाळा जवळ येत असतो. मार्चच्या उन्हात लोंबकळत राहिलेल्या घडात गोडी भरपूर चढते, परंतु त्याची वाइन चपटी व अल्पायुषी होते. म्हणून वाइनच्या बागेची फळ छाटणी शक्य तो सप्टेंबरमध्ये उरकून तोडणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत साधावी, असा विचार करावा लागतो. तथापि छाटणी लवकर घेतली की परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर व फुलोऱ्यावर सापडतो आणि केवड्याचे भय वाढते. लवकर छाटावे तर रोग, उशिरा छाटावे तर ऊन. या दोहोंमधला मार्ग प्रत्येकाने आपल्या शिवाराची नोंद पाहून काढावयाचा आहे. त्यास सर्वत्र लागू पडणारी एक तारीख सांगता येणार नाही, आणि कोणी सांगितली तर ती जपूनच ऐकावी.

तांबड्या वाइनचा रंग गरातून येत नाही, सालीतून येतो. म्हणून रस काढून साल फेकली जात नाही. साल व बियांसह रस आंबविला जातो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मणी लहान हवा, कारण लहान मण्यात रसाच्या मानाने साल अधिक असते. खाण्याच्या द्राक्षात मणी फुगविण्यासाठी जी संजीवके व जे पाणी देण्याची सवय बागाईतदारास जडलेली असते, ती येथे मोडावी लागते. दुसरी, साल निरोगी हवी. भुरी लागलेला किंवा तडकलेला मणी साऱ्या हौदास वास लावतो. तोडणी जवळ आल्यावर गंधकाचा वापर बंद ठेवावा लागतो तोही यामुळेच. गंधकाचे अंश रसात उतरले तर आंबवणीत कुजक्या अंड्यासारखी घाण सुटते.

खाण्याचे द्राक्ष साधारणपणे १८ ब्रिक्सच्या पुढे गोडी आली की तोडतात. तांबड्या वाइनसाठी २२ ते २४ ब्रिक्स लागतात. २४ ब्रिक्सच्या रसापासून सुमारे १३ टक्के मद्यार्काची वाइन होते. परंतु केवळ गोडीवर तोडणी ठरविणे ही अर्धवट पारख होय. तोडणीच्या तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरच्या व खालच्या भागांतून मिळून शंभर मणी गोळा करावेत, चुरडून त्यांच्या रसाची गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर पाहावी, आम्लता कारखान्याच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी आणि बी फोडून पाहावे. हिरवे बी असेल तर तुरटपणा कच्चा असतो; बी तपकिरी होऊन दाताखाली कडकन फुटले की मणी खऱ्या अर्थाने तयार झाला.

आता व्यवहाराचा प्रश्न. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर शेतकरी माल शेडवर टाकून बेदाणा करतो आणि पंढरपूर किंवा तासगावच्या सौद्यात नेतो. वाइनच्या द्राक्षास ही दुसरी वाट नाही. मणी बारीक, साल जाड, पोटात बिया; ते बाजारात कोणी खाण्यासाठी घेत नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. एकरी उताराही खाण्याच्या द्राक्षाच्या मानाने बराच कमी ठेवावा लागतो, कारण वेलीवर घड वाढविले की रंग व गुण उतरतो. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर नाशिककडे अशा बागा झपाट्याने वाढल्या. २००८ नंतरच्या मंदीत मागणी आटली, घेणारे मागे सरले, आणि अनेकांनी उभ्या बागा तोडून टाकल्या. हे आपल्याकडेच घडते असे नाही. खुद्द बोर्दोमध्ये तांबड्या वाइनचा खप घटल्यामुळे २०२३ मध्ये वेली उपटण्यासाठी शेतकऱ्यांना हेक्टरी ६,००० युरो साहाय्य देण्याची योजना करावी लागली. नामांकित मळ्यांची वाइन मोठ्या भावाने विकली जात असताना त्याच जिल्ह्यातील सामान्य शेतकरी वेल उपटीत होता, ही गोष्ट वर्तमानपत्रातील किमती वाचून हुरळणाऱ्याने अवश्य ध्यानात ठेवावी.

यास्तव कारखान्याशी लेखी करार झाल्यावाचून एकही कलम लावू नये. करारात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात : किती वर्षे माल घेतला जाईल, कोणत्या ब्रिक्सला कोणता भाव, तोडणीची तारीख कोण ठरविणार आणि ती कारखान्याच्या सोयीसाठी लांबली तर वजनातील घट कोणी सोसावयाची, तोडणीची मजुरी व वाहतूक कोणाची, माल नाकारल्यास कारण लेखी मिळेल काय, पैसे किती हप्त्यांत मिळतील. यातील तोडणीच्या तारखेचे कलम फार महत्त्वाचे आहे. गोडीवर भाव ठरत असला तरी मणी सुकून वजन घटते ते शेतकऱ्याच्या खिशातून. येथे हेही सांगितले पाहिजे की, परवान्याशिवाय विक्रीसाठी वाइन तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे. न विकलेल्या मालाची घरीच वाइन करू, हा विचार कोणी मनात आणू नये.

लागवड करावयाचीच झाल्यास माती व पाणी यांची तपासणी आधी करून घ्यावी. जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनींत निचरा कमी व क्षार अधिक असतात. तेथे डॉगरिज किंवा ११० आर यांसारख्या खुंटावरच कलम करावे. सल्ल्यासाठी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र उपलब्ध आहे. तोडणी पहाटे सुरू करून ऊन तापण्यापूर्वी संपवावी. घड उथळ क्रेटमध्ये एकमेकांवर न दाबता ठेवावेत, पाने व कुजके मणी बागेतच काढून टाकावेत आणि गाडी त्याच सकाळी कारखान्यावर पोचवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा प्रत्येक बागेसाठी एक वही सुरू करून द्यावी. छाटणीची तारीख, फुलोऱ्याचे दिवस, प्रत्येक पाऊस मिलिमीटरमध्ये, मण्यांत पाणी उतरल्याची तारीख, फवारण्या, आठवड्याचे ब्रिक्स व आम्लता, तोडणीचे वजन एवढे तीत असावे. बाटलीवर तोडणीचे वर्ष पडते. म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात छाटून २०२५ च्या फेब्रुवारीत तोडलेल्या मालाची नोंद २०२५ चा हंगाम म्हणून करावी. पुढील छाटणीची तारीख ठरविण्यासाठी कारखान्याचा तज्ज्ञ बागेत येईल, तेव्हा ही वही त्याच्यापुढे ठेवावी व त्याने सुचविलेली तारीख तीतच लिहून घेऊन खाली त्याची सही घ्यावी.