उन्हाळ्यासाठी सुती विणकाम : टाक्यांचा आणि तासांचा हिशेब

विणकाम म्हटले की लोकर, थंडी आणि स्वेटर यांचीच आठवण होते. वस्तुतः आपल्याकडील असंख्य पुरुष भर उन्हाळ्यात जो गंजीफ्रॉक अंगात घालतात, तेही विणकामच होय. मागावर कापड विणणे आणि सुयांवर स्वेटर विणणे या दोहोंना मराठीत एकच क्रियापद असल्यामुळे हा भेद सहसा ध्यानात येत नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये यंत्रमाग सुरू केला. मागावरील कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना छेदून जातात. तमिळनाडूतील तिरुपूर ज्यासाठी प्रसिद्ध आहे, त्या बनियनच्या कापडात मात्र धाग्याचे फासे एकमेकांत ओवलेले असतात. त्यामुळे ते ताणले जाते आणि त्यातून हवा खेळते. दोन सुयांवरचे आपले विणकाम याच जातीचे आहे.

म्हैसूर-हुणसूर रस्त्यावरील हिनकल परिसरात मार्च ते मे या काळात दुपारचे तापमान ३५ अंशांच्या आसपास पोहोचते. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने रात्री तुलनेने सुखद असतात. अशा हवेत सैलसर, बिनबाह्यांचा किंवा आखूड बाह्यांचा सुती टॉप उत्तम. हिवाळ्यात स्वेटर विणणाऱ्या भगिनींनी उन्हाळ्यात असे टॉप विणून विकावयाचे ठरविले, तर प्रथम काय ध्यानात घ्यावे, याचा येथे विचार करू.

सूत म्हणजे लोकर नव्हे

लोकरीच्या तंतूला निसर्गतःच नागमोडी वळण असते. त्यामुळे ती हवा धरून ठेवते आणि ताणली तरी पूर्ववत होते. सुताला ही लवचिकता नाही. ते घाम टिपते आणि ओले झाल्यावर अधिक मजबूत होते, म्हणून वारंवार धुण्यास योग्य ठरते. परंतु सुती विणकाम वजनाला जड असते व स्वतःच्या भाराने खाली ओघळते. स्वेटरचे माप जसेच्या तसे सुतात उतरविल्यास कपडा लांबतो तो याच कारणाने. म्हणून सुती टॉप दोरीवर टांगू नये, सपाट पृष्ठभागावर पसरून वाळवावा.

उलटे धावणारे आकडे

खरेदी करताना दोन आकडे नीट समजून घ्यावेत. एक पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तो सुताचा नंबर. अर्थात, नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. आपल्याकडे प्रचलित असलेल्या जुन्या पद्धतीच्या सुयांचेही तसेच आहे. १२ नंबरची सुई २.७५ मिलिमीटर, १० नंबरची ३.२५ मिलिमीटर, तर ८ नंबरची ४ मिलिमीटर जाडीची असते.

नमुना विणा, धुवा, मग मोजा

टाके घालण्यापूर्वी १५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन विणावा, धुऊन वाळवावा आणि मगच मोजावा. समजा, १० नंबरच्या सुयांवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी आल्या. छाती ९० सेंटिमीटर असल्यास सैलपणासाठी १० सेंटिमीटर वाढवून घेर १०० धरावा. पुढचा भाग ५० सेंटिमीटरचा, म्हणजे ११० टाके. शिवणीसाठी दोन मिळवून ११२.

नमुना न विणता हेच टाके घातले आणि हात सैल असल्याने १० सेंटिमीटरमध्ये २० टाकेच बसले, तर पुढचा व मागचा भाग प्रत्येकी ५ सेंटिमीटरने रुंद होईल. दोन टाक्यांची चूक अंगावर १० सेंटिमीटरची होते.

सुताचा अंदाजही याच तुकड्यावरून मिळतो. २२५ चौरस सेंटिमीटरचा हा चौकोन ७ ग्रॅम भरला, असे समजू. ५५ सेंटिमीटर उंचीचे दोन भाग आणि आखूड बाह्या मिळून सुमारे ६,३४० चौरस सेंटिमीटर होतात. त्यासाठी जवळपास २०० ग्रॅम सूत लागेल. दहावा हिस्सा जादा घेऊन ठेवावा.

अंगाचा भाग साधा ठेवून खांद्यालगत जाळी घालावी. सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यावयाचा आणि पुढील दोन टाके एकत्र सुलट विणावयाचे. एक टाका वाढतो, एक घटतो, आणि एकूण संख्या तीच राहते. मधल्या छिद्रातून वारा येतो.

तासांचा रकाना

गृहोद्योगाच्या अंदाजपत्रकात सुताची किंमत आठवणीने मांडली जाते, विणण्याचे तास मात्र बहुधा वगळले जातात. वरील टॉपच्या दोन्ही भागांत १६५ ओळींप्रमाणे सुमारे ३७,००० टाके आहेत. मिनिटाला २५ टाके धरले तरी जवळपास २५ तास होतात. बाह्या व शिवण यांसह ३० तास. सूत २५० रुपयांचे धरून टॉप ७०० रुपयांना विकला, तर उरलेले ४५० रुपये म्हणजे तासाला १५ रुपये. या उत्पन्नाच्या भरवशावर कर्जाचा हप्ता ठरविणे धोक्याचे आहे. तो घरखर्चातूनच भरावा लागेल.

आता सुया ८ नंबरच्या घ्या. १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके व २४ ओळी बसल्या, तर त्याच मापाला सुमारे २४,३०० टाके, म्हणजे १६ तास पुरतात. बाह्यांसह २० तास धरल्यास मजुरी तासाला साडेबावीस रुपये होते. शिवाय विण मोकळी असल्याने टॉप अधिक हवेशीर होतो. मजुरी तरीही अल्पच आहे. यंत्रावरील बनियनशी किमतीची स्पर्धा हातांना परवडणारी नाही. ग्राहकाच्या मापाचा, त्याच्या पसंतीच्या रंगाचा आणि नक्षीचा कपडा मागणीनुसार विणून द्यावा आणि त्याची किंमत तासांवरून ठरवावी.

पहिला टॉप विणताना वहीत रोज दोन नोंदी कराव्यात : किती ओळी झाल्या आणि किती वेळ लागला. तो पूर्ण होईल तेव्हा सूत, तास आणि किंमत यांचे स्वतःच्या हाताचे खरे आकडे उपलब्ध असतील. कर्जाचा अर्ज करावयाचा असेल, तर तो त्या आकड्यांसह करावा.