दादांची कॅसेट

आमचे गाव हरिहरेश्वर. तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड. माझे थोरले भाऊ मुंबईत कापड गिरणीत कामाला होते. १९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. दादांची गिरणी पुन्हा चालू झालीच नाही. काही वर्षांनी दादा कायमचे घरी आले. हातात वळकटी, टेपरेकॉर्डर आणि एकच कॅसेट.

ती कॅसेट शाहीर साबळे यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा'ची. शाहिरांचे नाव कृष्णराव. जन्म १९२३ सालचा, वाईजवळच्या पसरणी गावचा. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत त्यांनीच गायिले. २०२३ साली ते आपले राज्यगीत झाले. वासुदेव, गोंधळी, कोळी यांची गाणी त्यांनी रंगमंचावर आणली. आमच्या जाखडीचा ठेका मात्र आमच्या अंगणातच ऐकावा, असे माझे मत!

दादा गिरणीविषयी कधी बोलत नसत. दिवे लागले की कॅसेट लावत. आई चिडायची. म्हणायची, "रिकाम्या डब्यांना गाणी ऐकवून पोट भरतं का रे?" दादा आवाज थोडा कमी करत, पण बंद करत नसत. वासुदेवाचे गाणे लागले की आईचाच हात जात्यावर थांबायचा.

कॅसेटमध्ये काय असते, ठाऊक आहे? एक लांब, अरुंद फीत असते. तिच्यावर बहुधा लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा थर असतो. आवाज त्या थरात चुंबकाच्या खुणांनी साठतो. एकदा फीत यंत्रात अडकून तुटली. दादांनी तुटकी टोके कापून चिकटपट्टीने जोडली. पेन्सिल घालून फीत गुंडाळली. गाणे पुन्हा लागले, पण कोळीगीतातला एक शब्द कायमचा गेला.

पुढे दादा वारले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. आमच्या घराची कौले उडाली. धान्य भिजले, कपाट भिजले, कॅसेटही भिजली. भिजलेली फीत उन्हात ठेवू नये, वेडीवाकडी होते. लगेच वाजवूही नये. मी ती सावलीत पंधरा दिवस वाळवली. वाजली, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा.

आता नातू तीच गाणी मोबाईलवर लावतो. आवाज अगदी स्वच्छ. कोळीगीतात ती जागा येते. शाहीर तो शब्द पुरा म्हणतात. माझे कान मात्र दादांच्या चिकटपट्टीपाशी अडतात. नातू विचारतो, "आजोबा, इथंच का हो दचकता?"