एक शब्द, अनेक वाटा

'पास' हा शब्द तुम्ही रोज ऐकता. पनवेल स्थानकात तिकीट तपासनीस म्हणतात, "पास दाखव." निकालाच्या दिवशी अब्बा विचारतात, "पास झालास का?" मैदानावर मित्र ओरडतो, "चेंडू पास कर!" शब्द एकच, पण अर्थ तीन. असे कसे झाले?

लॅटिन भाषेत 'पासुस' म्हणजे पाऊल. त्यावरून फ्रेंच भाषेत 'पुढे जाणे, ओलांडणे' या अर्थाचे क्रियापद तयार झाले. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर अनेक फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. त्यांत हाही होता.

आता सर्व अर्थ जुळवून पाहा. परीक्षा ओलांडली, की आपण पास होतो. पुढे जाऊ देणारा परवाना म्हणजे पास. चेंडू पुढे दिला, की तोही पास. डोंगर ओलांडण्याच्या वाटेलाही इंग्रजीत 'पास' म्हणतात. आपण तिला घाट किंवा खिंड म्हणतो. पनवेलहून खोपोलीमार्गे पुण्याला जाताना बोरघाट लागतो. तेथील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला.

उर्दूत मात्र 'पास' म्हणजे जवळ. हा शब्द संस्कृत 'पार्श्व' म्हणजे बाजू, यापासून आला. फारसीतून आलेला 'पास' आणखी वेगळा. त्याचा अर्थ पहारा किंवा मान राखणे. म्हणून पहारेकऱ्याला 'पासबान' म्हणतात. उच्चार सारखा असला, तरी या शब्दांची घराणी वेगळी आहेत.

म्हणून एक चूक टाळा. 'मेरे पास किताब है' याचे मराठी 'माझ्या पास पुस्तक आहे' असे करू नका. 'माझ्यापाशी पुस्तक आहे' किंवा 'माझ्याजवळ पुस्तक आहे' असे म्हणा. गंमत म्हणजे मराठीतील 'पाशी'सुद्धा 'पार्श्व'पासूनच आला आहे. उर्दूतील 'पास' आणि मराठीतील 'पाशी' ही सख्खी भावंडे आहेत!

आणि 'नापास'? त्यातील 'ना' फारसीचा, 'पास' इंग्रजीचा. दोन परक्या शब्दांनी मराठीत घर केले. कधी हा शब्द तुमच्या वाट्याला आला, तर खचू नका. 'पास'च्या मुळाशी पाऊल आहे. अडलेले पाऊल पुन्हा टाकता येते.

स्वाध्याय
१. 'पास' या शब्दाचे चार अर्थ लिहा.
२. 'पाशी' वापरून दोन वाक्ये तयार करा.
३. 'ना' जोडून झालेले तीन मराठी शब्द शोधा.