रिम मोठी, रबर कमी

शिरपूर जैनला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला येणारी गाडी एकाच दिवसात दोन अगदी वेगळ्या रस्त्यांवर धावते. समृद्धी महामार्गावर सपाट काँक्रीट आणि कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा. खाली उतरलं की काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता, जो पावसाळ्यात खालून फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो आणि कडेने तुटत जातो. स्पोर्ट्स कार, किंवा तिच्या थाटात सजवलेली हॅचबॅक, या भागात चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठी रिम बसवू नका.

टायरवर १९५/५५ आर १६ असं लिहिलेलं असतं. रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या रबराची उंची त्याच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर, आणि रिम १६ इंची. चाकाची एकूण उंची साधारण तेवढीच ठेवून १८ इंची मॅगव्हील बसवायचं, तर टायर २१५/३५ सारखा घ्यावा लागतो आणि बाजूचं रबर उरतं जेमतेम ७५ मिलिमीटर. दोन बोटं रबर गेलं. खड्ड्याची तुटकी धार लागली की टायर त्या धारेत आणि रिमच्या कडेत चिमटतो. आतले धागे तुटतात, पण रबर लगेच फाटत नाही. मग आतली हवा त्या दुबळ्या जागी रबर बाहेर ढकलते आणि बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. गावाच्या रस्त्यावर आलेला हा फुगा फुटतो मात्र समृद्धीवर, विदर्भाच्या उन्हात, भरधाव वेगात.

मोठ्या रिमने स्टीअरिंग चटकन वळतं, असं म्हणतात. ते खरं आहे, बुटकी बाजू वळणावर कमी लवते. पण पकड टायर रस्त्याला टेकलेला असेपर्यंतच असते. रिम जड झाली की खडबडीत रस्त्यावर उसळलेलं चाक शॉकअपला लवकर आवरत नाही, आणि त्या क्षणी ना वळणं जमतं ना ब्रेक. पिकअपचंही तेच. चाक नुसतं पुढे जात नाही, फिरतंही. त्यामुळे टायरच्या परिघावर वाढलेला एक किलो वेग घेताना इंजिनला दोन किलोंसारखा जाणवतो. वळणांसाठी नावाजलेल्या लोटस एलिसच्या दुसऱ्या पिढीला पुढे १६ आणि मागे १७ इंची चाकं पुरली, कारण ती गाडी हलकी होती. मोठ्या स्पोर्ट्स कारला १९-२० इंच लागतात त्याचं एक मोठं कारण आत मावायच्या मोठ्या ब्रेक डिस्क. डिस्क तीच ठेवून रिम वाढवली तर आत नुसती पोकळी वाढते.

मग फॉर्म्युला वन २०२२ मध्ये १३ इंचांवरून १८ वर का गेलं? तिथे संपूर्ण चाकाची उंचीही ६७० वरून ७२० मिलिमीटर झाली, गाड्याही जड झाल्या, आणि ट्रॅकवर खड्डे नसतात. बैलगाडीचा दाखलाही देतात: चाक मोठं म्हणून ती खाचखळगे सहज ओलांडते. बरोबर, पण तिथे धावेसकट अख्खं चाक मोठं असतं. इथे चाक तेवढंच राहतं, वाढतं ते फक्त लोखंड किंवा ॲल्युमिनियम, आणि घटतं ते रबर. अख्खं चाकच मोठं केलं तर वेगळीच फसगत: व्यास ५ टक्के वाढला की काटा ११५ दाखवतो तेव्हा गाडी १२०च्या पुढे गेलेली असते.

बदलायचंच असेल तर मूळ मापातच चांगल्या पकडीचा टायर घ्या आणि हवा दाराजवळच्या चिठ्ठीवरच्या आकड्याप्रमाणे भरा. दर्शन करून परतताना, समृद्धीवर चढण्याआधी, चारही टायरच्या बाजूंवरून हात फिरवून पाहा, आतल्या बाजूनेही. फुगा लागला तर तिथेच स्टेपनी चढवा.