शेळीचे यकृत, राखणीचा कुत्रा आणि कोथिंबिरीची जुडी



लासूर स्टेशनच्या बाजारात आसपासच्या गावांतून शेळ्या-मेंढ्या येतात, तशीच मेथी-कोथिंबीरही येते. या दोहोंना जोडणारा एक दुवा आपल्या मळ्यात हिंडत असतो. तो म्हणजे राखणीचा कुत्रा.

कंदुरीला किंवा यात्रेला बोकड कापला की कलेजीवर अथवा फुप्फुसावर कधी कधी पाणी भरलेले पांढरट फोड दिसतात. तेवढा भाग काढून कुत्र्यापुढे टाकण्याची आपली रीत आहे. रोगाचे चक्र पूर्ण होते ते येथेच. हा फोड म्हणजे हायडॅटिड गाठ. एकायनोकॉकस या पट्टकृमीची ती बाल्यावस्था होय. गाठ खाल्ल्यानंतर साधारण सहा-सात आठवड्यांत कुत्र्याच्या आतड्यात अवघे ३ ते ६ मि.मी. लांबीचे पूर्ण वाढलेले कृमी तयार होतात व त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. कुत्रा मात्र धडधाकट दिसतो, म्हणून संशय येत नाही. ओलसर, सावलीच्या जमिनीत ही अंडी महिनोन् महिने टिकतात. कडक ऊन व कोरडेपणा त्यांना मारक ठरतो. भाजीच्या वाफ्यात नेमकी ओल व सावली असते.

अंडी चाऱ्याबरोबर शेळीच्या पोटात जातात, तशी कच्च्या भाजीतून किंवा कुत्र्याला हाताळलेल्या हातांनी माणसाच्याही पोटात जातात. मग यकृतात वा फुप्फुसात गाठ वर्षानुवर्षे सावकाश वाढते. ती फुटल्यास जिवावर बेतते. अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे : फोड असलेली कलेजी खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही, अंडी पोटात गेल्याने होतो. त्यामुळे माळकरी घरही यातून सुटत नाही.

डुकरातील पट्टकृमीचेही तसेच आहे. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो. परंतु त्याच्या विष्ठेतील अंडी ज्याच्या पोटात जातात, त्याच्या मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. २०१४ साली जागतिक अन्न व आरोग्य संघटनांनी अन्नातून पसरणाऱ्या परजीवींची क्रमवारी लावली, तीत पहिला क्रमांक याचा व दुसरा एकायनोकॉकसचा होता. यावर खरा उपाय शौचालयाचा वापर हाच. वाफ्याच्या बांधावर बसणे बंद झाले पाहिजे.

कुत्र्याकडून येणारा रोग आटोक्यात आणता येतो, हे आइसलँडने दाखविले. मेंढ्या पाळणाऱ्या त्या देशात हा रोग घरोघर होता. १८६४ मध्ये हाराल्ड क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञाची माहितीपुस्तिका तेथील घरांत वाटण्यात आली. पुढे फोड असलेले अवयव नष्ट करण्याचे व कुत्र्यांना जंतनाशक देण्याचे कायदे झाले आणि विसाव्या शतकात रोग हद्दपार झाला.

आपणही फोड असलेले अवयव तीन-चार फूट खोल पुरून वर दगड ठेवावेत, अथवा जाळावेत. कुत्र्याला घालायचेच असल्यास पाऊण तास उकळावे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कुत्र्यास वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेल द्यावे (किलोस ५ मि.ग्रॅ.) व दर सहा आठवड्यांनी पुन्हा द्यावे. औषधाने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून नंतर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवावा व विष्ठा पुरावी.

बाजारात नेण्यापूर्वी जुड्या नाल्याच्या पाण्यात बुडवू नयेत, विहिरीच्या किंवा बोअरच्या स्वच्छ पाण्याने धुवाव्यात. घरी कच्ची खायची पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. जंतुनाशकाच्या सौम्य द्रावणावर विसंबू नये, त्याने ही अंडी मरत नाहीत.