बोहनी झाल्यावर जा

पोरी, अडतीच्या दुकानात वह्या लिहिण्यात माझा जन्म गेला. म्हणून घरखर्चाचं विचारलंस तर घासाघीस कशी करायची ते मी सांगणार नाही, दिवस कोणता धरायचा ते सांगेन. पाच-दहा रुपये कुणीही तोडून घेतं. खरा पैसा वाचतो तो माल कधी घेतला आणि नको असला तर कधी परत नेला, यात.

तुरीपासून धर. आपल्या दुधनीच्या यार्डात अक्कलकोट तालुक्याची तूर येते, तशी हद्दीपलीकडची आळंद-अफजलपूरचीही. येळवसेला आपण रानात जेवायला जातो तेव्हा तुरी शेंगांनी लगडलेल्या असतात. मग थोड्याच दिवसांत पहिला माल यार्डात लागतो. त्या मालाला हात लावू नको. त्यात ओल असते. ओल म्हणजे तुरीच्या भावाने विकत घेतलेलं पाणी, आणि पुढे त्याच ओलीने डब्यात कीड. संक्रांत होऊ दे, सोलापूरची गड्ड्याची जत्रा उठू दे. आवक भरली की दाणा दाताखाली धरून बघ. कट्‌ वाजला तर घे, चेपला तर पुढच्या दुकानात जा.

तूर घेऊन डाळ पाडायची की तयार डाळ घ्यायची, हे मात्र कागदावर मांडून ठरव. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये होता. चांगल्या गिरणीत क्विंटलमागे 70 किलोच्या आसपास डाळ पडते. म्हणजे किलोला 114-115 रुपये झाले. भरडाई वेगळी, चुणी जनावराला. दुकानातला भाव याच्यापेक्षा बराच वर असेल तरच उपद्व्याप करायचा. आणि वर्षाच्या वर साठवायचं नाही. 2015 च्या दिवाळीला तूरडाळ किलोला दोनशेवर भिडली तेव्हा घाबरून पोती भरणारे मी पाहिले. 2017 उजाडलं आणि इतकी तूर पिकली, की 5050 रुपये हमीभाव असताना बाजार त्याच्या खाली गेला.

ज्वारीचं सोपं आहे. मालदांडी फाल्गुनात खळ्यावरूनच घ्यावी, दोन उन्हं देऊन कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी. गोठ्यात जनावर असेल तर कडबाही त्याच वेळी. रोहिण्या निघाल्या की तीच पेंढी भाव खाते. मिरची फेब्रुवारी-मार्चात, चिंच त्याच्या आगेमागे. कांद्यात मात्र भले भले फसतात. पावसाळी कांदा डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या बाजारात ढिगाने येतो, स्वस्त मिळतो म्हणून लोक पोतं आणतात आणि महिन्याभरात निम्मा उकिरड्यावर जातो. तो कांदा टिकायचा नाही. साठवायचा तर एप्रिल-मेचा उन्हाळी.

कपड्यालत्त्याला आषाढ. देवशयनी ते तुळशीचं लग्न मुहूर्त नसतात, दुकानदार रिकामा बसलेला असतो, त्या वेळी साडीवाला स्वतःहून उतरतो. सोलापुरी चादर थंडी सरल्यावर. कूलर पाऊस पडल्यावर, पण इथे एक मेख आहे. जुलैत घेतलेला कूलर खोक्यातच माळ्यावर टाकला आणि मार्चात उघडला, तर मोटर बंद निघाल्यावर तुझं कोण ऐकणार? हंगाम सोडून घेतलेली वस्तू घरी आणल्या दिवशी चालवून बघायची, कूलर असेल तर पाणी भरून दिवसभर. हमीची मुदत पावतीच्या तारखेपासून मोजतात, तू खोकं उघडल्यापासून नाही.

आता परत देण्याचं. पैसे मोजण्याआधी विचारायचं, ‘नाही पटलं तर किती दिवसांत आणू? पैसे देणार की बदलून?’ जे कबूल करतील ते पावतीवर लिहून घ्यायचं. साडीला फॉल लावायच्या आधी घडी मोडून उजेडात बघ, फॉल लावलेली साडी कुणी घेत नाही. आणि दुकान उघडल्या उघडल्या परत द्यायला जाऊ नको. बोहनीला माल परत आला की दुकानदाराचं तोंड उतरतं, मग तो कायदा काढतो. दिवेलागणीलाही नको, सणाच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. अकरा-साडेअकराला जा. बोहनी झालेली असते, गर्दी नसते, माणूस माणसासारखा बोलतो.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बघून मात्र मागे फिरू नको. माल सदोष असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती पाटी चालत नाही. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे देणं नाकारलं, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणं हीसुद्धा. 1915 हा ग्राहकांचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेव. रंग आवडला नाही, मन बदललं, याला मात्र कायदा नाही. तिथे दुकानदाराचा चांगुलपणा आणि तुझी वेळ.

बियाण्याचं नवऱ्याला सांग. पिशवी तळाकडून फोडायची, लेबल आणि टॅग शाबूत ठेवायचे, मूठभर बी आणि पक्की पावती जपायची. पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजायचं. उगवण कमी दिसली तर न फोडलेल्या पिशव्या तेव्हाच परत न्यायच्या. पेरून फसल्यावर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, पण तोवर मृगाची ओल गेलेली असते.

हे सगळं घरात पैसा असेल तर. शेकडा तीन रुपये महिन्याने उचलून बेगमी करायची नाही. सहा महिन्यांत अठरा रुपये व्याज होतं, आणि डाळ तेवढी दरवर्षी चढत नाही. त्यापेक्षा महिन्याचं सामान महिन्याला आणलेलं परवडतं.